टाके पुढून, बाजूने की मागून: खुब्याचा सांधा बदलण्याआधी करायची कामं

सांधा बदलावा लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं की दोन दिवसांत घरात एक व्हिडिओ येतो. मुंबईचा भाचा पाठवतो, नाहीतर दुबईचा मुलगा. त्यात ऑपरेशन झालेला माणूस त्याच संध्याकाळी वॉकर धरून चालताना दिसतो आणि खाली लिहिलेलं असतं: 'स्नायू न कापता, पुढच्या बाजूने'. मग गोव्यात, फोंड्यात, डिचोलीत, पेडण्यात, ज्या घरी मी व्यायाम घ्यायला जाते तिथे हाच प्रश्न येतो. आमचे डॉक्टर मागून करतात म्हणे, आम्ही दुसरीकडे जावं का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन सर्जन करतात. त्यानंतरचे तीन महिने उंबरठ्यावर, न्हाणीत, पायऱ्यांवर जे घडतं ते माझ्यासमोर घडतं. तिन्ही बाजूंनी केलेले सांधे छान चालताना मी बघते, आणि तिन्ही बाजूंनी केलेल्यांपैकी काही जणांना त्रास होतानाही बघते. माझं मत आधीच सांगून टाकते: ज्या सर्जनचा ज्या पद्धतीवर हात बसलेला आहे, त्यांच्याकडून त्याच पद्धतीने करून घ्यावं. मात्र काही शरीरं आणि काही घरं अशी असतात की पद्धतीचा विचार खरोखर करावा लागतो. तो कसा करायचा ते पुढे लिहिते. निर्णय सर्जनबरोबर बसूनच घ्यायचा आहे, पण तिथे बसताना काय विचारायचं ते माहीत असलेलं बरं.

पहिलं काम: सांधा कशामुळे बिघडला ते समजून घ्या

आपल्याकडे खुबा बिघडण्याचं एक मोठं कारण म्हणजे एव्हीएन (अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस). मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते हाड आतून मरत जातं. जास्त दारू, मोठ्या मात्रेत किंवा बरेच दिवस घेतलेली स्टेरॉइड, जुना अपघात ही त्याची ओळखीची कारणं. हा आजार तिशी-चाळिशीतल्या माणसालाही होतो आणि पुष्कळदा दोन्ही खुब्यांना होतो. हाडाचं डोकं अजून चपटं झालेलं नसेल तर सांधा न बदलता, हाडात छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याचं ऑपरेशन करता येतं. म्हणून जांघेत दुखत असेल आणि एक्स-रे चांगला दिसत असेल तरी एमआरआयबद्दल विचारा. खुब्याचं दुखणं कधीकधी फक्त गुडघ्यात जाणवतं. त्यामुळे गुडघ्याला तेल चोळण्यात वर्ष घालवलेली माणसं मला नेहमी भेटतात.

घरातलं वयस्कर माणूस पडून खुब्याजवळचं हाड मोडलं असेल तर मात्र पद्धत शोधत इस्पितळं फिरू नका. तिथे लवकर ऑपरेशन होणं, शक्यतो एक-दोन दिवसांत, हे बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं असतं. अंथरुणावर जाणारा प्रत्येक दिवस फुफ्फुसांना, पाठीच्या कातडीला आणि रक्ताच्या गुठळ्यांच्या दृष्टीने महागात पडतो.

दुसरं काम: तिन्ही वाटा ओळखा

खुब्याचा सांधा शरीरात खोल असतो, भोवती जाड स्नायू. सर्जनला तिथे पोचण्यासाठी काहीतरी बाजूला सारावं लागतं आणि काहीतरी कापून परत शिवावं लागतं. जॉन चार्नली यांनी १९६२ साली इंग्लंडमध्ये आजच्या पद्धतीचा कृत्रिम खुबा बसवायला सुरुवात केली, तेव्हा ते बाजूच्या हाडाचा उंचवटाच कापून वर उचलत आणि शेवटी तारेने परत बांधत. आज पहिल्या ऑपरेशनसाठी तसं क्वचितच करावं लागतं.

मागची वाट, म्हणजे पोस्टिरिअर. कुशीवर झोपवून नितंबाच्या बाजूने मागे वळणारा छेद घेतात. नितंबाचा मोठा स्नायू त्याच्या धाग्यांच्या दिशेने फाकवतात आणि त्याखालचे, पाय बाहेर वळवणारे छोटे स्नायू हाडापासून सोडवतात. चालताना कंबर सावरणारा महत्त्वाचा स्नायू, ग्लुटिअस मीडिअस, इथे शाबूत राहतो. सर्जनला सांधा चांगला दिसतो, आणि हाडाचा आकार बिघडलेला असेल किंवा जुना कृत्रिम सांधा काढून नवा बसवायचा असेल तर छेद वाढवताही येतो. जगभर ही वाट फार वापरली जाते. तिचं जुनं दुखणं म्हणजे सांधा मागच्या बाजूने निसटणं. पण सोडवलेले स्नायू आणि सांध्याचं वेष्टन शेवटी नीट शिवून घेतलं तर हा धोका बराच कमी होतो. कृत्रिम सांध्याच्या वाटीत फिरणारा चेंडू मोठ्या आकाराचा बसवल्यानेही फायदा होतो. म्हणून 'मागून करणार का?' एवढं विचारून थांबू नका, 'वेष्टन आणि स्नायू परत शिवता ना?' हेही विचारा. सायटिक नस याच भागातून जाते. तिला इजा होणं दुर्मीळ आहे, तरी ती शक्यता सर्जनने तुम्हाला सांगायलाच हवी.

बाजूची वाट, म्हणजे डायरेक्ट लॅटरल. केविन हार्डिंज यांनी १९८२ साली मांडलेली पद्धत बरेच सर्जन आजही वापरतात. यात ग्लुटिअस मीडिअसचा पुढचा भाग हाडापासून सोडवून नंतर शिवतात. सांधा निसटण्याचं प्रमाण कमी. मोडलेल्या हाडासाठी अर्धा सांधा (वाटी तीच ठेवून फक्त चेंडू) बसवताना, उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या सूचना मागच्या वाटेपेक्षा पुढच्या-बाजूच्या (अँटेरोलॅटरल, म्हणजे बाजूनेच पण थोडं पुढून जाणाऱ्या) वाटेकडे कल दाखवतात, तो याच कारणाने. विसरभोळेपणा वाढलेला, पार्किन्सन्स असलेला, 'असं वाकू नका' हे लक्षात ठेवू न शकणारा रुग्ण असेल तर मलाही ही वाट पटते. किंमत मोजावी लागते ती चालण्यात. शिवलेला स्नायू नीट जुळला नाही किंवा त्याच्या नसेला ओढ बसली तर माणूस लंगडतो. हे मी असं तपासते: रुग्णाला ओट्याला धरून उभं करते, मागे उभी राहून कमरेच्या दोन्ही हाडांवर बोटं ठेवते आणि चांगला पाय उचलायला सांगते. ऑपरेशनच्या बाजूचा स्नायू दुबळा असेल तर उचललेल्या पायाकडची कंबर माझ्या बोटांखाली खाली घसरते. व्यायामाने हे बहुतेकांचं सुधारतं, पण वेळ लागतो, आणि काहींच्या चालीत थोडी लचक कायमची राहते.

पुढची वाट, म्हणजे डायरेक्ट अँटिरिअर, त्या व्हिडिओतली. तिला नवं म्हणतात, पण स्मिथ-पीटरसन यांनी या बाजूने खुब्यात शिरण्याची वाट १९१७ सालीच लिहून ठेवली होती, आणि पॅरिसमध्ये ज्युडे यांनी १९४७ साली याच बाजूने कृत्रिम सांधा बसवला होता. रुग्णाला उताणं झोपवतात, मांडीच्या पुढच्या अंगाला छेद घेतात आणि दोन स्नायूंच्या मधल्या फटीतून आत जातात. उताणं झोपवल्यामुळे ऑपरेशन चालू असतानाच एक्स-रे घेता येतो आणि दोन्ही पायांची लांबी ताडून बघणं सोपं जातं. पहिले काही आठवडे दुखणं कमी असतं, वॉकर लवकर सुटतो. हे खरं आहे, मी बघते. पण तीन महिन्यांनंतर, आणि वर्षाने तर नक्कीच, मागून केलेला आणि पुढून केलेला माणूस शेजारी शेजारी चालले तर फरक सांगणं कठीण असतं. व्हिडिओ पहिल्या आठवड्याचा असतो, सांधा पंधरा-वीस वर्षांसाठी बसवायचा असतो.

या वाटेचेही स्वतःचे त्रास आहेत. मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा किंवा मुंग्या येणं पुष्कळांना जाणवतं, कारण कातडीची एक नस छेदाजवळूनच जाते. यामुळे चालण्यात अडचण येत नाही, पण आधी सांगितलेलं नसलं की माणूस घाबरतो. मांडीच्या हाडापर्यंत नीट पोचणं इथे अवघड असतं, म्हणून सराव कमी असलेल्या सर्जनच्या हातून ते हाड तडकण्याचा धोका वाढतो. हात बसायला साधारण पन्नास ते शंभर ऑपरेशनं लागतात असं सर्जन मंडळीच म्हणतात. त्या पहिल्या पन्नासांत आपला नंबर आहे का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

'सगळ्यांसाठी हीच वाट चांगली' असं ठामपणे सांगण्याइतका पुरावा आज कोणाकडे नाही. नाइसने २०२० च्या सूचनांत ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी मागच्या किंवा पुढच्या-बाजूच्या वाटेचा विचार करावा असं म्हटलं आहे. पुढच्या वाटेला तिथे नकार नाही, तिच्याबद्दल आणखी संशोधन व्हावं एवढंच म्हटलं आहे.

तिसरं काम: स्वतःचं शरीर बघा

आरशासमोर बसा आणि पोटाची घडी जांघेवर पडते का ते बघा. पडत असेल तर पुढचा छेद त्या घडीखाली किंवा अगदी जवळ येतो, आणि आपल्या दमट हवेत ती जागा कधीच कोरडी राहत नाही. जखम चिघळण्याचा धोका तिथे जास्त. अशा वेळी मागून किंवा बाजूने केलेलं बरं असं अनेक सर्जन स्वतःच सुचवतात. फार पिळदार माणसात, किंवा मांडीच्या हाडाची डोक्याखालची मान आखूड असलेल्या माणसातही पुढून काम कठीण जातं.

पाठीच्या मणक्यांचं ऑपरेशन होऊन स्क्रू बसलेले असतील तर ते सर्जनना पहिल्याच भेटीत सांगा. बसताना कंबर मागे झुकते आणि खुब्याला जागा करून देते. ताठ झालेली पाठ ते करू शकत नाही, आणि सांधा निसटण्याचा धोका वाढतो. मग बसलेल्या आणि उभ्या स्थितीतले एक्स-रे, वाटीचा वेगळा कोन, दुहेरी फिरणारा चेंडू अशा गोष्टींचा विचार करावा लागतो. खुब्यावर आधी ऑपरेशन झालेलं असेल, प्लेट असेल, किंवा जन्मतः खुबा सरकलेला असेल तरीही तेच: आधी सांगा, जुने कागद न्या. दोन्ही खुबे एकाच वेळी करायचे असतील तर पुढच्या वाटेत रुग्णाला कूस बदलून झोपवावं लागत नाही, ही सोय खरी आहे.

चौथं काम: टेप घेऊन घरात फिरा

हे काम सर्जन करू शकत नाहीत, आणि बहुतेक घरांत कोणीच करत नाही.

खुर्चीवर बसा, गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंत माप घ्या. तुमच्या बसण्याच्या जागा त्या मापापेक्षा दोन-तीन इंच उंच हव्यात: पलंग, खुर्ची, कमोड. जुन्या घरातला सोपा, बाल्कांवातली (पुढच्या ओसरीतली) बैठक, देवघरातला पाट, आदोळी (विळी) या सगळ्या जागा त्या मापापेक्षा बुटक्या असतात. मागून ऑपरेशन झालं तर सहा ते बारा आठवडे खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पाय आत वळवायचा नाही, मांडीवर मांडी टाकायची नाही, असे नियम बहुतेक सर्जन देतात. पुढून झालं तर हे नियम सैल असतात, पण पाय मागे नेऊन बाहेर वळवायची मनाई असते. उभ्याने मागे वळून दाराची कडी लावताना नेमकं हेच होतं.

आता स्वतःला विचारा: घरात मदतीला कोण आहे? एकटी राहणारी बाई, भारतीय पद्धतीचा संडास घराबाहेर, विहिरीवरून पाणी, अशी परिस्थिती असेल तर नियम पाळणं किती जमेल हे सर्जनना स्पष्ट सांगा. अशा रुग्णाच्या बाबतीत निसटण्याचा धोका कमी असलेली वाट किंवा मोठा चेंडू निवडायला चांगला सर्जन तयार होतो. आणि कुठलीही वाट असली तरी संडासावर उंच सीटची सोय ऑपरेशनच्या आधी करा. नंतर करू म्हणणाऱ्यांची सीट महिन्याने येते.

शेतात, काजूच्या बागेत उकिडवं बसून काम करणाऱ्यांना एक कटू गोष्ट सांगावी लागते. वाट कुठलीही निवडा, कृत्रिम खुब्यावर रोज तासन्‌तास उकिडवं बसणं सर्जनना मान्य नसतं. तुमचं काम काय आहे ते आधीच बोला.

तारखेचाही विचार करा. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घर भरतं, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायची असते, आरतीला खाली बसायचं असतं, फुगडीला हात ओढले जातात. चवथीआधी महिनाभर ऑपरेशन करून घेतलेल्या बायका पाहुण्यांसाठी उठबस करताना नियम मोडतात. शिवाय जून ते सप्टेंबर चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. घाई नसेल तर दिवाळीनंतरची तारीख घ्या, म्हणजे पावसापर्यंत पाय पक्का होतो.

पाचवं काम: सर्जनसमोर बसून विचारा

कागदावर लिहून न्या, घरातलं एक माणूस बरोबर घ्या. तुम्ही जास्तीत जास्त कुठल्या वाटेने करता आणि वर्षाला साधारण किती करता? माझ्या बाबतीत हीच वाट का? तुमच्या रुग्णांत सांधा निसटण्याचं, जंतुसंसर्गाचं प्रमाण काय? (निसटण्याचं प्रमाण सर्वसाधारणपणे शंभरात एक ते तीन धरतात.) हाडात सिमेंटने बसवायचा सांधा की बिनसिमेंटचा, चेंडू कशाचा आणि केवढा? नियम कोणते, किती आठवडे? काही बिनसलं तर रात्री फोन कोणाला करायचा?

उत्तरं शांतपणे आणि आकड्यांत देणारा सर्जन मला आवडतो. 'माझ्याकडे असलं कधी होतच नाही' असं म्हणणाऱ्यापेक्षा 'होतं, आणि मग मी असं करतो' म्हणणाऱ्याकडे मी माझ्या आईला नेईन. आणि एक विनंती: मागून उत्तम करणाऱ्या सर्जनना 'आमच्यासाठी पुढून कराच' असा आग्रह धरू नका. तो आग्रह तुमच्याच हाडावर येतो.

इस्पितळ आणि पैसा

१८४२ साली सुरू झालेल्या जुन्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारं बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) आजही गोव्यातल्या कठीण हाडांच्या रुग्णांचं ठिकाण आहे. खाजगी इस्पितळं पणजी, म्हापसा, मडगाव परिसरात आहेत. गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा ही आरोग्य विमा योजना २०१६ साली सुरू झाली. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचं संरक्षण अशी तिची रचना आहे. तुमचं ऑपरेशन आणि तुम्हाला सुचवलेला सांधा त्यात बसतो का, कार्ड चालू आहे का, हे तारीख घेण्याआधी योजनेच्या खिडकीवर विचारून घ्या. वरचे पैसे कशाचे, तेही लेखी मागा. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्राने २०१७ साली मर्यादा घातली, ती खुब्यालाही लागू आहे असं समजून जाऊ नका.

ऑपरेशननंतर सांध्याच्या डब्यावरचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवतात. त्यांची झेरॉक्स घरी ठेवा. २०१० साली धातूवर धातू घासणारा एक प्रकारचा खुबा जगभरातून परत मागवला गेला, तेव्हा आपल्या शरीरात कुठला सांधा आहे हे सांगण्यासाठी रुग्णांना हेच कागद शोधावे लागले.

सहावं काम: कातडी, दात, साखर

जांघेत गजकर्ण, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, हिरडीत पू, लघवीला जळजळ, यातलं काहीही असेल तर ऑपरेशनआधी बरं करून घ्या. कृत्रिम सांध्यात जंतू शिरले तर पुन्हा ऑपरेशन, कधी सांधा काढणं, महिनोन्‌महिने औषधं. पावसात गोव्यात जांघेत गजकर्ण पुष्कळांना होतं, आणि लाजेपोटी ते कोणी डॉक्टरांना दाखवत नाही. दाखवा. साखर ताब्यात आणा. विडी-सिगारेट निदान महिनाभर आधी बंद. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून थांबवू नका, कधी थांबवायची ते सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर मिळून सांगतील. आणि ऑपरेशनआधीच वॉकर घेऊन चालायला, पायऱ्या चढायला शिका: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

घरी आल्यावर

डिस्चार्जच्या कागदावर कुठली वाट वापरली ते लिहिलेलं असतं. फिजिओथेरपिस्टला तो कागद पहिल्याच दिवशी दाखवा, कारण व्यायाम त्यावर ठरतात. बाजूने केलं असेल तर शिवलेला स्नायू जुळेपर्यंत पाय बाहेर उचलण्याचा जोराचा व्यायाम मी देत नाही, काही सर्जन सहा आठवडे थांबायला सांगतात. मागून केलं असेल तर झोपताना दोन पायांमध्ये उशी. पुढून केलं असेल तर पहिल्या आठवड्यात इतकं बरं वाटतं की माणसं बाजाराला निघतात; तिथे मलाच आवर घालावा लागतो, कारण आत हाड अजून सांध्याला धरायचं असतं.

गाडीत बसताना सीट मागे सरकवा, आधी बूड टेका, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) बसची उंच पायरी आणि स्कूटरवर एका बाजूला पाय टाकून बसणं सर्जन परवानगी देईपर्यंत नाही.

पोटरी सुजून दुखली, दम लागला, जखमेतून पाणी आलं, ताप आला तर त्याच दिवशी इस्पितळात जा. आणि वाकताना किंवा वळताना खुब्यात कळ येऊन पाय आखूड दिसू लागला, मागून केलेल्यात तो आत आणि पुढून केलेल्यात बाहेर वळलेला दिसला, तर सांधा निसटलाय असं समजा. पाय ओढू नका, चोळू नका, उभं करू नका. आहे तसं झोपवून ठेवा, खायला-प्यायला काही देऊ नका आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा.